चाकामागच्या चकत्या

दातवाल्या बाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या माहेरचे म्हणत. सासरचे म्हणत की कारण लागतं, पण ते त्या पर्समध्ये घालूनच निघतात. दोन्हीकडची मंडळी थोडी चुकत होती. बाईंचा राग बिनकारणाचा कधीच नसे. कारण इतरांना दिसायच्या आत बाईंना दिसलेलं असे, एवढंच. रंगांच्या बाबतीतही त्यांचं तसंच होतं.

त्यांचा धंदा दात करण्याचा. दंतवैद्य दात कोरतो, घासतो, आणि उरलेल्या खुंटावर बसवायला टोपी हवी म्हणून तोंडाचा साचा बाईंच्या लॅबमध्ये पाठवतो. बाई पोर्सेलीनची पूड पाण्यात कालवत, ती बारीक ब्रशच्या टोकावर घेत, थरावर थर चढवत आणि भट्टीत भाजत. मागचे दात काय, कुणीही करतं. ते अंधारात राहतात आणि चावतात. पुढच्या दाताचं दुखणं असं की त्याला शेजारी असतात, आणि शेजारी खरे असतात. एवढासा थर जाड झाला तरी ते दोघं मिळून मधल्याला उघडा पाडतात. त्यामुळे गावातले सगळे नावाजलेले दवाखाने पुढचे दात बाईंकडेच पाठवत. 'पांढरा' हा एक रंग आहे असं समजणाऱ्या माणसाला बाई तोंडावर काही बोलत नसत, पण त्याला मनातल्या मनात बालवाडीत बसवून टाकत.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी स्पोर्ट्‌स कार घेतली. जुनी, बसकी, गडद हिरवी. दोनच माणसं बसतील अशी. नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. घरात आणि बाहेर सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी हळूच विचारलं की घरात माणसं तीन आहेत, तर तिसऱ्याने काय करायचं. बाई म्हणाल्या, तिसरा चांगला हातापायाने धड आहे, त्याने बसने जावं. तिसरा म्हणजे त्यांचा मुलगा. हे चिरंजीव एका विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासायचे. 'गाडीत परस्पर केलेल्या फेरफारामुळे आपला दावा मंजूर करता येत नाही' हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा लिहीत, की झोपेतही अर्धं म्हणून दाखवत. आईची गाडी मात्र त्यांच्या जिवाचा तुकडा. ती आपल्याला चालवायला मिळत नाही याचं दुःख ते गाडीबद्दल वाचून भागवत.

वाचता वाचता त्यांना शोध लागला, की या गाडीची पुढची चाकं जरा आत गेल्यासारखी दिसतात. त्यावर उपायही तिथेच छापलेला होता. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, या दोघांच्या मध्ये ॲल्युमिनियमची एक जाड चकती घालायची. तिला स्पेसर म्हणतात. चाक बोटभर बाहेर येतं आणि गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसते. काम एवढंच, उपयोग तेवढाच. आईचा वाढदिवस जवळ आला होता. एका रविवारी बाई बहिणीकडे गेल्या असताना चिरंजीवांनी "गाडी धुतो" म्हणून किल्ली घेतली, जॅक लावला आणि पुढच्या दोन्ही चाकांमागे एकेक चकती बसवली. मास्तर बादली धरून उभे होते. कुणी सांगायचं नाही, आईच्या स्वतःच्या लक्षात येऊ दे, असं बापलेकात ठरलं. जिला दातातली कणभर पिवळट झाक दिसते तिला आख्खी गाडी रुंद झालेली दिसणार नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

बाईंच्या लक्षात आलं नाही. गाडी तोंड भिंतीकडे करून उभी असायची. त्या मागून यायच्या, दार उघडायच्या, बसायच्या आणि निघायच्या. वाढदिवस आला, गेला. चिरंजीव संध्याकाळी दारात उभे राहून "गाडी कशी वाटते आजकाल?" असं विचारून पाहत. बाई म्हणत, "गाडीसारखी." चिरंजीवांचा चेहरा पडे. मग ते रुसले. आपण होऊन सांगायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. आईचा राग त्यांच्यात उतरला नव्हता. त्याचं पाणी घातलेलं रूप उतरलं होतं.

इकडे बाईंना वेगळंच काही कळलं होतं. त्यांची लॅब गावाबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत होती आणि तिकडे जायला गावाला बाहेरून वळसा घालणारा मोठा वळणरस्ता घ्यावा लागे. गावात गाडी नेहमीसारखी होती. वळणरस्त्यावर वेग शंभरच्या आसपास गेला, की स्टेअरिंगवरच्या हातांना बारीक थरथर सुटायची. ऐंशीला नाही, एकशेवीसला नाही, मधेच. बाईंनी पहिल्या दिवशी हात घट्ट केले. थरथर कोपरापर्यंत चढली. दुसऱ्या दिवशी आणखी घट्ट केले. लॅबमध्ये पोहोचल्यावर बोटं बधिर, मुंग्या आलेली. ब्रशचं टोक साच्यावर टेकताना हलकंसं नाचलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि शेजारच्या टेबलावर काम करणारी त्यांची भागीदारीण पाहत नाही ना, हे पाहिलं.

दुसरी कुणी असती तर ती गाडी टायरवाल्याकडे घेऊन गेली असती. बाई गेल्या नाहीत, कारण त्या या थरथरीची फार वर्षं वाट पाहत होत्या.

त्यांची आई शिवणकाम करायची. याच वयात तिचे हात कापायला लागले. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग बशीत कप वाजायला लागला. घरातल्यांनी काही न बोलता तिचा कप अर्धाच भरायला सुरुवात केली. आलेलं शिवण परत जाऊ लागलं. शेवटी शेवटी ती खुर्चीवर बसायची ती दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन, थंडी वाजल्यासारखी. पाहुणे आले तरी हात बाहेर काढायची नाही. बाई तेव्हा लॅबमध्ये उमेदवारी करत होत्या. तेव्हापासून दर वाढदिवसाला त्या दार लावून, आरशासमोर दोन्ही हात लांब करून पाहत आणि कुणाला सांगत नसत. यंदाही पाहिले होते. हात दगडासारखे होते. आणि तरीही रस्त्यावर हे.

म्हणून त्या चिडल्या. घाबरल्या असं म्हणणं जास्त बरोबर होईल, पण त्यांच्याकडे त्या कामालाही रागच होता. त्या भट्टीवर चिडल्या, साचे पोचवणाऱ्यावर चिडल्या, एका दंतवैद्याला फोनवर सांगितलं की तुम्ही साचा घेता की पोळीची कणीक मळता. भागीदारीण, जी त्यांना ताई म्हणायची आणि वयाने बरीच लहान होती, तिने विचारलं की ताई, बरं नाही का. बाईंनी तिला तिच्या कामाकडे बघायला सांगितलं.

घरी एकदा जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेलं. आज रस्त्यावर हात जरा थरथरत होते, असं त्या म्हणाल्या आणि लगेच पश्चात्ताप झाला, कारण पलीकडे दोन्ही पुरुषांनी चावणं थांबवलं होतं. चिरंजीवांनी घास गिळला आणि दावा फेटाळताना वापरायचा तो मऊ, समजूतदार आवाज काढला. आजीला असंच सुरू झालं होतं ना, त्यांनी विचारलं. वेळीच डॉक्टरांना दाखवलेलं बरं. आणि तोवर गाडी नको. वेगात हात सुटला तर काय घ्या. हे सगळं त्यांनी मनापासून म्हटलं. चकत्या त्यांच्या डोक्यात आल्याच नाहीत. चकत्या ही दिसण्याची गोष्ट होती आणि हात ही दुखण्याची.

मास्तरांच्या डोक्यात आल्या. चाळीस वर्षं पोरांना वारे कुठून कुठे वाहतात ते शिकवलेला माणूस. एका टोकाला काही झालं की दुसऱ्या टोकाला काही होतं, हे त्याला ठाऊक होतं. जेवण झाल्यावर गॅलरीत त्यांनी मुलाला हळूच विचारलं की अरे, त्या चकत्यांचं तर नसेल. मुलगा म्हणाला, बाबा, मी चालवून पाहिलंय, काही होत नाही. त्याने चालवलं होतं ते कोपऱ्यापर्यंत आणि परत. मास्तरांनी मान डोलावली. तज्ज्ञाचं मत मिळाल्यावर त्यांना नेहमीच हायसं वाटायचं.

मेंदूच्या डॉक्टरांनी बाईंना नाकाला बोट लावायला सांगितलं, कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं, हात लांब करायला लावले. बाईंचं वेटोळं कंपासने काढल्यासारखं आलं. डॉक्टर म्हणाले, "फारसं काही दिसत नाही." घरात असा इतिहास आहे, तेव्हा काही महिन्यांनी पुन्हा दाखवा. तोवर विश्रांती घ्या, बारीक कामाचा ताण कमी करा. बाहेर आल्यावर बाई पायऱ्यांवरच मास्तरांवर उसळल्या. फारसं म्हणजे काय? एक तर आहे म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं. दात किडलाय का विचारलं तर आपण 'फारसा नाही' असं सांगतो का? मास्तर म्हणाले, डॉक्टर चांगला वाटला. बाईंनी घरापर्यंत त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पण 'फारसं' हा शब्द दातात अडकलेल्या काडीसारखा राहिला. वळणरस्ता तर रोज होताच. मुलाचा मऊ आवाज ऐकूनही त्यांनी गाडी सोडली नव्हती. रोज हात थरथरत. रोज लॅबमध्ये पहिला अर्धा तास ब्रश नाचे. एका सकाळी एका मुलीचा पुढचा दात त्यांनी तीनदा खरवडून पुन्हा सुरू केला. तेव्हा त्यांनी ब्रश धुतला, पुसला, आणि एकेक करून सगळ्या दवाखान्यांना स्वतः फोन केले. हातांची तक्रार आहे. यापुढे पुढचे दात भागीदारीण करील. मी मागचे बघीन. आवाज इतका करडा होता की सहानुभूती दाखवायची कुणाची छाती झाली नाही. एकाने मात्र दाखवली, तो सगळ्यात मोठ्या दवाखान्याचा डॉक्टर. तो म्हणाला की बाई, आता विश्रांती घ्या, खूप केलंत. त्याच्या तोंडी ते निरोपाच्या भाषणातल्यासारखं वाटलं. बाईंनी फोन ठेवला आणि ट्रेमधला मुलीचा साचा उचलून भागीदारिणीच्या टेबलावर नेऊन ठेवला. भागीदारीण रडवेली झाली. "ताई, असं नका करू." बाई म्हणाल्या की रडायचं असेल तर साचा आधी बाजूला कर, ओला होईल.

महिना-दोन महिने असे गेले. बाई दाढा करत. दाढा अंधारात राहतात आणि चावतात. शेजारच्या टेबलावर भागीदारीण पुढचे दात करत होती आणि ते वाईट नव्हते, हेच वाईट होतं. फक्त मेलेले होते. ओळीत नीट उभे राहिलेले, पण आतून उजेड नसलेले. बाईंना ते इथूनही दिसे, पण बोलायचं काय तोंडाने?

आणि एक दिवस दुपारी घरी मास्तरांनी चहा केला. बाईंचा कप त्यांच्यासमोर ठेवला. कप अर्धा भरलेला होता.

मास्तरांनी ते काळजीपोटी केलं होतं, आणि मुद्दामही नाही. हात आपोआप थांबला असेल. बाई कपाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर करून मास्तरांकडे पाहिलं, आणि त्या नजरेने मास्तर दोन पावलं मागे सरून ओट्याला टेकले.

"किल्ली द्या."

गाडीची किल्ली अलीकडे मुलाच्या सांगण्यावरून मास्तरांच्या खिशात असे. बाईंना लॅबला जाताना ती मागून घ्यावी लागे, शाळेतल्या पोराने पाणी प्यायला जायची परवानगी मागावी तशी. मास्तरांनी किल्ली दिली. कुठे, हे विचारण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

बाई कुठेच निघाल्या नव्हत्या. त्यांना फक्त कुणीही कप भरणार नाही अशा ठिकाणी जायचं होतं. वळणरस्ता दुपारचा मोकळा होता. त्या वेग वाढवत गेल्या, आणि शंभरच्या जवळ थरथर सुरू झाली, वक्तशीर, कारकुनासारखी. बाईंना इतका संताप आला की त्या गाडीतल्या गाडीत आपल्या हातांशी भांडायला लागल्या. आयुष्यभर तुम्हाला जपलं, त्या म्हणाल्या. भांड्यांना लावलं नाही, थंडीत उघडं टाकलं नाही. आणि आता? जा, करा काय करायचं ते. असं म्हणून, एखाद्याचा हात झिडकारावा तसे, त्यांनी स्टेअरिंगवरून दोन्ही हात उचलले.

समोर रस्ता सरळ होता. हात मांडीवर पडले, आणि निपचित पडून राहिले.

स्टेअरिंग थरथरत होतं. एकटंच. त्याच्यावर कुणीही नसताना, लहान लहान झटके खात, उजवीकडे डावीकडे, उजवीकडे डावीकडे.

बाईंनी हात पुन्हा स्टेअरिंगवर ठेवले. पुन्हा उचलले. पुन्हा तेच. मागून ट्रकवाल्याने कर्कश हॉर्न दिला. बाईंनी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्या रडल्या असत्या, पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की ज्या क्षणी कारण कळेल त्या क्षणी कुणावर तरी तुटून पडायचं आहे, आणि तेवढ्यासाठी डोळे कोरडे हवेत.

ज्या टायरवाल्याने गाडी घेताना चारही चाकं तपासून दिली होती, त्याच्याकडे त्या सरळ गेल्या. तो बोलका माणूस होता. त्याने आधी चाकं काढून मशीनवर फिरवली; मशीनने तोलातला फरक शून्य दाखवला. तो म्हणाला की चाकं गुणी आहेत. मग तो उकिडवा बसून हबकडे बघत राहिला, तिथून त्याने एक जाड चकती उपटून काढली, तळहातावर तोलली, आणि दुसऱ्या बाजूचीही काढली.

"काकू, ह्या कुणी बसवल्या?"

"का?"

"नाही, घरच्या कुणी बसवल्या असतील तर मी तोंड सांभाळून बोलतो."

"घरच्यांनीच बसवल्या. तोंड सांभाळू नका."

मग त्याने मनसोक्त सांगितलं. हबच्या मध्यावर उंच काठ असतो, चाक त्याच्यावर नेमकं मध्यभागी बसतं. चांगल्या स्पेसरला स्वतःचा तसा काठ असतो. ह्या स्वस्तातल्या चकत्या म्हणजे भोक पाडलेल्या थाळ्या. हबचा काठ आत गिळून टाकतात आणि स्वतःचा देत नाहीत. मग चाक नुसतं बोल्टांवर लटकतं, जरासं बाजूला. केसाएवढं. पण तेवढं पुरतं. मशीनवर कळत नाही, कारण मशीन चाकाला मधोमध धरतं. गाडीवर कळतं, ठरावीक वेगाला. हौसच असेल तर माझ्याकडे चांगल्या आहेत, असंही त्याने सुचवून पाहिलं.

"ह्याने हात थरथरतात?" बाईंनी विचारलं.

"स्टेअरिंग थरथरतं. हात काय, धरलेले असले तर थरथरणारच."

"आणि नाही धरले तर?"

"तर हात बरे. गाडी खड्ड्यात."

बाईंनी चकत्या पुसून मागितल्या. त्या रविवारी बहिणीकडून परतल्यावर दिसलेली धुतलेली गाडी त्यांना आता आठवत होती, आणि मास्तरांच्या हातातली बादलीही.

संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून आले, हातपाय धुऊन टेबलाशी बसले. मास्तर आधीच बसले होते, दुपारपासून जरा जास्तच सरळ. बाईंनी दोघांसमोर रिकामी ताटं मांडली. मग प्रत्येकाच्या ताटात एकेक चकती ठेवली. धातूवर धातू वाजला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "वाढलंय."

चिरंजीवांनी चकतीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी आला तो चक्क आनंद. शेवटी ओळखलं तर. तो आनंद बाईंनी पाहिला. पुढे काय झालं ते शेजाऱ्यांनी भिंतीला कान न लावताही ऐकलं. आरंभी बाई काय काय म्हणाल्या ते लिहिण्यात अर्थ नाही. त्यात माणसांच्या तुलना बऱ्याच प्राण्यांशी होत्या आणि प्राण्यांची बाजू वरचढ होती. मुलगा मधे मधे म्हणत होता की वाढदिवसासाठी होतं, गाडी छान दिसावी म्हणून होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तू ओळखशील." त्याचा आवाज आता अजिबात मऊ नव्हता. "लोकांच्या तोंडातलं सगळं दिसतं तुला. मी रोज दारात उभा राहून विचारत होतो. तू मान वळवून एकदा बघितलं नाहीस. मग मला राग आला."

"तुला राग आला."

"हो."

ती गोष्ट खरी होती, आणि खरी असल्यामुळे बाई जास्तच भडकल्या. "आला ना? मग आपटायचं होतं काहीतरी. ओरडायचं होतं. राग कसा करतात ते या घरात शिकायला मिळत नाही का? तू रुसून बसलास. आणि मी हात थरथरतात म्हटल्यावर मला नेऊन आजीच्या खुर्चीत बसवलंस."

"त्याचा याच्याशी संबंध असेल असं वाटलंच नाही."

"दिवसभर ऑफिसात काय लिहितोस रे तू?"

चिरंजीवांनी ओठ हलवले. बहुधा ते वाक्यच आठवत होते.

मग बाई मास्तरांकडे वळल्या. आवाज खाली आला, आणि तो खाली आला की मास्तरांना उंच आवाजाची आठवण येई. "तुम्हाला तरी शंका आली होती का?"

मास्तर खोटं बोलू शकत नसत. भूगोलात त्याची सवय लागत नाही. "आली होती," ते म्हणाले. "मी याला विचारलं."

"मला का नाही विचारलंत?"

"तू चिडशील म्हणून."

बाईंनी टेबलावर दोन्ही हात टेकले होते, आणि ते हात आता खरोखर थरथरत होते. त्याने ताटांतल्या चकत्याही किणकिणत होत्या. मुलाने ते पाहिलं. त्याचा सगळा ताठा उतरला. तो घाबरून म्हणाला, "आई, तुझे हात बघ. आता तर गाडीही नाहीये."

बाईंनी दोन्ही हात उचलून त्याच्या नाकासमोर धरले.

"हा राग आहे," त्या म्हणाल्या. "नीट बघून ठेव. पुन्हा चुकलास तर याद राख."

त्या रात्री त्या घरात कुणाला ऊन अन्न मिळालं नाही.

पण चकत्या निघाल्या तरी बोललेले शब्द निघत नाहीत. सकाळी लॅबमध्ये जाऊन बाईंनी मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरला स्वतः फोन लावला आणि सांगितलं की हात ठीक आहेत, पुढचे दात पाठवा. डॉक्टर लहान मुलाशी बोलावं तसं बोलला. हो हो, बाई, नक्कीच. वाटतंय ना बरं? छान. तरी सध्या मागचेच करा, घाई कशाला. बाईंनी दुसऱ्याला लावला. तोही म्हणाला, हो हो. ज्यांचे हात कापतात ती माणसं 'माझे हात ठीक आहेत' असंच म्हणतात, हे बाईंना आईच्या वेळेपासून माहीत होतं. भागीदारीण त्यांच्याकडे पाहत होती. तिने स्वतः होऊन अर्धवट झालेला एक पुढचा दात उचलून बाईंच्या टेबलावर आणून ठेवला, म्हणाली, मला हा जमतच नाहीये, ताई, दोनदा परत आला. पण डॉक्टरांनी विचारलं कुणी केला तर मी काय सांगू?

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांना रजा काढावी लागली. ती कशासाठी, हे ऑफिसात काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. बाई त्यांना शेजारच्या सीटवर घालून वळणरस्त्याने लॅबमध्ये घेऊन आल्या. गाडी शंभराला पाण्यासारखी गेली. लॅबमध्ये त्यांना फोनजवळच्या स्टुलावर बसवण्यात आलं. बाई आपल्या टेबलाशी बसल्या, दोनदा परत आलेला दात खरवडून साफ केला आणि ब्रश ओला केला.

"प्रत्येकाला," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडाने. सगळं."

चिरंजीवांनी पहिला नंबर लावला. आपण कोण ते सांगितलं. मग सांगितलं की आईच्या हातांना काही झालेलं नाही, झालं होतं ते गाडीला. कारण की पुढच्या चाकांमागे मी. हो, मीच. स्पेसर. नाही, दिसायला छान दिसतं म्हणून. नाही, तिला सांगितलं नव्हतं. पलीकडे मोठ्याने हसणं ऐकू आलं, आणि चिरंजीवांचे कान लाल झाले. पुढच्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मधे आपल्या बायकोला फोनवर बोलावून घेतलं. एकाने विचारलं की या चकत्या आमच्या गाडीला मिळतील का. चिरंजीवांनी नकळत विमा कंपनीच्या आवाजात त्याला असे फेरफार किती धोक्याचे ते समजावून दिलं, आणि बोलता बोलता थांबले. भागीदारीण पाठ फिरवून भट्टीत काहीतरी शोधत होती. तिचे खांदे हलत होते.

बाई हसल्या नाहीत. त्या थर देत होत्या. ब्रशचं टोक पूड उचलत होतं आणि जिथे ठेवायची तिथेच ठेवत होतं. कडेला निळसर, मध्ये कोमट, खाली हिरडीकडे थोडं मातकट. प्रत्येक फोनगणिक त्यांचा जबडा घट्ट होत होता. मुलगा लाजत होता याचं त्यांना समाधान नव्हतं. ते दोन महिने त्याच्या लाजण्याने परत येणार नव्हते, आणि त्या महिन्यांत त्यांनी आईसारखे हात मांड्यांखाली घेऊन बसून पाहिलं होतं, हे त्या कुणालाही सांगणार नव्हत्या.

मोठ्या दवाखान्याचा डॉक्टर शेवटी ठेवला होता. त्याने ऐकून घेतलं, हसला नाही. मग त्याने विचारलं की तो दोनदा परत पाठवलेला दात, तो तुमची आई घेईल का हातात. मुलाने फोनवर तळहात ठेवला आणि विचारलं.

"हातातच आहे म्हणावं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "उद्या मिळेल. आणि मला 'विश्रांती घ्या' म्हणाले होते, ते मी विसरलेले नाही, हेही सांग."

मुलाने पहिलं सांगितलं, आभार मानले आणि फोन ठेवला.

"दुसरं राहिलं," बाई म्हणाल्या.

"आई, तो एवढा मोठा डॉक्टर आहे, आणि आता काम देतोय तर उगाच—"

ब्रश हवेत थांबला. टोकावरचा पोर्सेलीनचा थेंब तिथल्या तिथे उभा होता, हलत नव्हता.

त्याने पुन्हा नंबर लावला.